प्रकाशकाच्या छापाविना आलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या प्रकारांतली बरीच नवी पुस्तके आज कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या मध्यस्थीविना लेखकाकडून थेट वाचकाकडे येतात. मराठीतही प्रतिलिपीसारख्या मंचावर भागाभागांनी लिहिल्या जाणाऱ्या भयकथा आणि रहस्यकथा आवडीने वाचल्या जातात. अशा पुस्तकांविषयी बोलताना मात्र आपण बहुधा दोनपैकी एक टोक गाठतो. लेखकाने स्वतःच प्रकाशित केले आहे, म्हणजे त्यात काय असणार, असे म्हणून कोणी ते न उघडताच बाजूला ठेवतो. तर कोणी लेखकाची धडपड पाहून नुसती पाठ थोपटतो. दोन्हीकडे पुस्तकाचा विचार राहूनच जातो. माझे म्हणणे असे आहे की या लेखनाला मापे इतर साहित्याचीच लावावीत, पण कोणता दोष चांगल्या संपादकाच्या हातून सहज निघाला असता आणि कोणता मूळ कल्पनेतच रुजलेला आहे, हे समीक्षकाने निवडून दाखवावे.

उदाहरणादाखल ह्यू हाउवी या अमेरिकन लेखकाची ‘वूल’ ही विज्ञानकादंबरी घेऊ. २०११ च्या जुलैमध्ये त्यांनी सुमारे १२,००० शब्दांची एक दीर्घकथा अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या मंचावर ९९ सेंटला स्वतः प्रकाशित केली. त्या काळात ते एका विद्यापीठाच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होते. कथा तेवढ्यावर पूर्ण होती. परंतु वाचकांनी पुढचा भाग मागितला, म्हणून हाउवी लिहीत गेले, आणि २०१२ च्या सुरुवातीला पाच भागांची सलग कादंबरी वाचकांपुढे आली.

कादंबरीतली माणसे जमिनीखालच्या १४४ मजल्यांच्या एका प्रचंड कोठीत राहतात, कारण बाहेरची हवा विषारी आहे. जो बाहेर जाण्याची इच्छा बोलून दाखवतो, त्याला संरक्षक पोशाख चढवून खरोखरच बाहेर पाठवले जाते, आणि मरण्यापूर्वी तो बाहेरचे दृश्य आत दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे लोकरीने पुसून जातो. कल्पना जबरदस्त आहे, पण तेवढ्याने कादंबरी उभी राहत नाही. ती उभी राहते जिन्यामुळे. या कोठीत लिफ्ट नाही. मधोमध एकच गोल जिना आहे. संगणकावरून निरोप पाठवणे महाग पडते, म्हणून हमाल चिठ्ठ्या आणि सामान घेऊन दिवसभर चढउतार करतात. कोण वर राहतो, कोण तळाशी यंत्रे चालवतो, कोणाचा शब्द कोणापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे सारे त्या पायऱ्यांवरून कळते. दुसऱ्या भागात म्हाताऱ्या महापौरबाई आणि त्यांचे उपशेरीफ नव्या शेरीफच्या, म्हणजे कायदा-सुव्यवस्था सांभाळणाऱ्या प्रमुखाच्या, शोधात तळापर्यंत पायी उतरतात. पाने उलटत जातात, घडत काहीच नाही. पाय दुखतात, मुक्काम पडतात, बाई विणकाम काढून बसतात, आणि दोघांमधले कित्येक वर्षांचे न बोललेले प्रेम हळूहळू वर येते. विक्रीवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या संपादकाने हा प्रवास निम्म्यावर आणायला सांगितले असते, असे मला राहून राहून वाटते. तो तसाच राहिला, हे या कादंबरीचे भाग्य. स्वतंत्र प्रकाशनाने लेखकाला काय दिले, याचा याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

कारागिरांच्या जगाची जाणही खरी आहे. उष्णतारोधक टेप हलक्या प्रतीची येते, ही यंत्रावर काम करणाऱ्यांची कुरकुर सुरुवातीला वाचकाच्या कानावरून जाते. पुढे तसल्याच टेपच्या दर्जावर माणसाचे प्राण अवलंबून असल्याचे कळते, तेव्हा लेखकाने धागा किती आधीपासून धरला होता ते लक्षात येते.

आता उणिवा. भाग सुटे सुटे वाचकांपुढे आले, त्यामुळे वाचक अडकून राहावा अशा धक्क्याची लेखकाला सवय लागली. महिनाभराच्या अंतराने हे धक्के रंगतदार वाटतात, सलग वाचताना थकवतात. सर्वांत खालच्या मजल्यांवरच्या बंडाच्या प्रकरणांत नावे भराभर येतात आणि माणसे नीट ओळखीची होण्याआधीच मरतात. हे दोष दुरुस्त होण्यासारखे होते. खलनायकाचे तसे नाही. संगणकविभागाचा प्रमुख बर्नार्ड आपली बाजू लांबलचक समजावून सांगतो, पण त्याच्या मनातला पेच कधी दिसत नाही. सत्य लपवण्यामागे काही सबळ कारण असू शकते, ही कथेतली सर्वांत अवघड शक्यता. ती पेलेल असे पात्रच लेखकाने घडवले नाही. मुद्रितशोधनाने हे भरून निघाले नसते.

अशा पुस्तकांचे परीक्षण नीट झाले तर काय होते, हेही सांगायला हवे. ब्रिटनमधले लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये स्वयंप्रकाशित अद्भुतकादंबऱ्यांची एक स्पर्धा सुरू केली. शेकडो पुस्तके दहा परीक्षकगटांत वाटली जातात आणि प्रत्येक गट एकच पुस्तक पुढे पाठवतो. २०१६ च्या फेरीत जोसाया बॅनक्रॉफ्ट यांची ‘सेनलिन असेंड्स’ अंतिम दहांत पोहोचली नाही. पण तिच्या गुणांविषयी परीक्षकाने लॉरेन्सना आवर्जून कळवले, त्यांनी ती वाचून जाहीर शिफारस केली, आणि २०१८ मध्ये ऑर्बिट या प्रकाशनसंस्थेने ती काढली. आपल्याकडे १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, ती आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांच्या कथेला मिळाले.

शेवटी एक व्यावहारिक बाब. छापील पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, पण ई-पुस्तकाचा लेखक ती काही दिवसांत दुरुस्त करू शकतो. म्हणून ‘शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत’ असे मोघम लिहिण्यापेक्षा चौथ्या प्रकरणात नायिकेच्या भावाचे नाव बदलले आहे, अमुक प्रसंगी रात्र असताना ऊन पडले आहे, असे ठिकाण नेमके सांगावे. आणि आपण पुस्तक कोणत्या महिन्यात वाचले तेही परीक्षणात नोंदवावे, कारण वाचकाच्या हाती पडणारा मजकूर तोपर्यंत बदललेला असू शकतो.