शिक्षकाच्या हातातील कॅमेरा

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या शाळांमध्ये फोटोंना तोटा नाही. पोषण आहार, वृक्षारोपण, पाहुण्यांचा सत्कार अशा प्रत्येक गोष्टीचा फोटो अहवालाला जोडावा लागतो, आणि त्यात मुले हटकून ओळीत बसलेली व हसरी असतात. आज मी बोलणार आहे ते शिक्षकाने कोणालाही पाठवण्यासाठी नव्हे, तर स्वतःचे शिकवणे तपासण्यासाठी काढलेल्या फोटोंविषयी.

ऐरोलीतील चौथीच्या एका वर्गशिक्षिकेने भागाकाराच्या तासाला मोबाइल मागच्या कपाटावर ठेवला आणि ठरावीक वेळाने आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. घरी पाहते तर काय, प्रत्येक फोटोत बाई खिडकीकडच्या रांगेपाशीच उभ्या, आणि भिंतीकडच्या शेवटच्या बाकावरील दोघे शेजाऱ्याच्या वहीत वाकलेले. मुले उतरवून काढतात, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसून त्यांनी फळ्याचा फोटो घेतला, तेव्हा खिडकीच्या उजेडाने फळा असा चकाकत होता की भाज्य दिसे, भाजक दिसत नसे. फळ्याची जागा बदलली. बाईंची उभे राहण्याची सवय मात्र मोडायला वेळ लागला.

काम चालू असतानाचा विचार आणि काम संपल्यावर त्या कामाविषयी केलेला विचार, असा भेद अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली मांडला. भरलेल्या वर्गात पहिल्यालाच जेमतेम उसंत मिळते. दुसऱ्यासाठी आठवणीवर विसंबावे, तर आठवण आपल्या सोयीचे तेवढेच सांगते. फोटो समोर ठेवून मुलालाच ‘इथे तू काय करत होतास?’ असे विचारले, तर उत्तर अधिक नेमके येते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांनी फोटो दाखवून मुलाखत घेण्याची ही पद्धत 1957 मध्येच वर्णिली होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकांनी वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. त्यांतील काही तास सहकाऱ्यांनी एकमेकांचे असे फोटो पाहण्यात घालवावेत, असे माझे मत आहे. तिथे तपासणीच्या नजरेने कोणी बसू नये, नाहीतर पुन्हा हसऱ्या ओळीच पाहायला मिळतील.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून पालकसभेत हेतू सांगून संमती घ्यावी, काम झाल्यावर फोटो पुसून टाकावेत आणि त्यांतून जे कळले तेवढे टाचणवहीत नोंदवावे.