डिशमध्ये जमलं, शरीरात का नाही?

(दृश्य: अंड्याच्या कवचाला पाडलेली छोटी खिडकी, आत लाल रेघांचं जाळं)

हे कोंबडीचं अंडं आहे, आतला गर्भ जेमतेम आठवड्याभराचा, म्हणजे पिल्लू म्हणायलाही अजून वेळ आहे, आणि कवचाला ही एवढीशी खिडकी पाडलीये त्यातून ज्या बारीक लाल रेघा दिसतायत त्या रक्तवाहिन्या. आता या रेघा ज्यावर पसरल्यायत त्या पातळ पडद्यावर एक छोटी चकती ठेवायची, ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायचीये तो तिच्यात भरायचा आणि खिडकी बंद करून अंडं परत उबेला. दोन-तीन दिवसांनी उघडून बघायचं. पदार्थात दम नसेल तर नवीन रेघा चकतीखालून आरामात गेलेल्या असतात. पण कधीकधी चकतीभोवती एक मोकळी, फिकट जागा दिसते, रेघा जवळ येतात आणि वळसा घालून निघून जातात. ती मोकळी जागा दिसली की लॅबमधली माणसं खूश, कारण तो पदार्थ नवीन रक्तवाहिन्या फुटूच देत नाहीये, आणि कॅन्सरच्या गाठीला वाढायला नवीन रक्तवाहिन्याच लागतात.

अंड्यात, पेट्री डिशमध्ये (लॅबमध्ये पेशी वाढवायची छोटी बशी), उंदरात, अशा परीक्षा पास झालेल्या पदार्थांची यादी काढली तर त्यात हळदीतलं करक्युमिन आहे, ग्रीन टीमधलं ईजीसीजी आहे, सोयाबीनमधलं जेनिस्टीन आहे. इथूनच ते फॉरवर्ड होणारे मेसेज सुरू होतात, की अमुक खा आणि कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडा. मेसेज पूर्ण खोटा नसतो, हीच खरी पंचाईत आहे.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो, काचेच्या नळ्या, लॅब)

मुळात गाठीचं रक्त तोडायची कल्पना आली कुठून? 1960 च्या सुरुवातीला जुडा फोकमन नावाचा तरुण सर्जन अमेरिकेच्या नौदलाच्या लॅबमध्ये काम करत होता. शरीराबाहेर काढून काचेच्या भांड्यात जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी झाल्या, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या नव्हत्या, कारण त्याच गाठी उचलून उंदरात ठेवल्या की भराभर वाढायच्या. फरक एवढाच की काचेतल्या ग्रंथीत नवीन रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदरात फुटत होत्या. 1971 मध्ये त्यानं मांडलं की गाठीला मोठं व्हायचं तर आधी स्वतःसाठी रक्ताची लाइन ओढून घ्यावी लागते, आणि ती लाइन अडवली तर गाठ तिथंच अडकेल. बरीच वर्षं लोकांनी हे फारसं मनावर घेतलं नाही.

लाइन ओढते कशी ते सांगतो. रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या पुढं ऑक्सिजन नीट पोचत नाही, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट, बस्स. त्यापलीकडच्या पेशी गुदमरायला लागल्या की त्यांच्यात एचआयएफ नावाचं प्रोटीन साचतं (पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय हे कळतं कसं, या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं), आणि ते व्हीईजीएफ नावाचा निरोप बाहेर पाठवायला लावतं. जवळच्या रक्तवाहिनीच्या पेशींना निरोप मिळाला की त्यांना कोंब फुटतात आणि ते गाठीच्या दिशेनं सरकतात. घाईघाईत घातलेली पाइपलाइन असते ती, वेडीवाकडी, गळकी, पण गाठीचं काम भागतं.

हा निरोप मधेच पकडणारं बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते वनस्पतीतून आलेलं नाही, ती अँटिबॉडी आहे, म्हणजे एका ठरावीक गोष्टीला नेमकं पकडणारं प्रोटीन. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत दिल्यावर मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण निदान जेवढं जगले तो काळ) 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर गेलं. म्हणजे फोकमनचं म्हणणं बरोबर निघालं, पण गाठी अडकून पडतील, गायब होतील असं जे वाटलं होतं ते काही झालं नाही, एक वाट बंद केली की गाठ दुसरी शोधते.

(दृश्य: हळदीचं मूळ, कापून दाखवलेलं)

आता आपल्या यादीकडं. जेनिस्टीनची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ते सापडलं लघवीत. वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीत रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं काही आहे का हे शोधताना 1993 मध्ये ते हाती लागलं. ग्रीन टीचं म्हणाल तर 1999 मध्ये 'नेचर'मध्ये आलं की उंदरांना पाण्याऐवजी ग्रीन टी पाजला तर त्यांच्या डोळ्याच्या बुबुळावर नवीन रक्तवाहिन्या कमी फुटतात. दोन्ही प्रयोग चांगले, त्यात फसवाफसवी काही नाही.

अडतं कुठं, तर डोसमध्ये. हळदीत करक्युमिन असतं साधारण 3 टक्के. काही चाचण्यांमध्ये रुग्णांना रोज 8 ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं, म्हणजे हिशोब केला तर पाव किलोपेक्षा जास्त हळद, रोज, आणि तरी रक्तात जे सापडलं ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजायची वेळ आली. आतडं ते नीट शोषून घेत नाही आणि जे शोषलं जातं त्याचं लिव्हर लगेच रूप बदलून टाकतं. डिशमध्ये पेशींवर जेवढं ओततात त्याच्या जवळपासही ते जात नाही. मग लोक म्हणतात मिरी घाला, मिरीतलं पायपरीन शोषण वाढवतं, आणि ते वाढवतं हे खरंय, 1998 च्या एका अभ्यासात माणसांमध्ये 20 पट वाढलेलं दिसलं, पण जवळजवळ शून्याच्या 20 पट म्हणजे किती? शिवाय पायपरीन लिव्हरची तीच यंत्रणा अडवतं जी बाकीची औषधंही निकामी करत असते, त्यामुळं ज्याची केमो चालू आहे त्याच्या शरीरात बाकीच्या औषधांचं गणितही हलू शकतं.

नैसर्गिक आहे म्हणजे निदान अपाय तर नाही ना, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देतो. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर बोर्टेझोमिब नावाचं औषध देतात, 2009 मध्ये लक्षात आलं की ग्रीन टीमधलं ईजीसीजी त्या औषधाला थेट चिकटतं आणि त्याचा परिणाम मारून टाकतं. निदान प्रयोगशाळेत आणि उंदरांत तरी कॅन्सरच्या पेशी ईजीसीजीमुळं वाचल्या.

(दृश्य: सदाफुलीचं फूल, वाऱ्यावर)

वनस्पतींनी काहीच दिलं नाही असं मात्र समजू नका, उलट त्यांनी जे दिलं ते भलत्याच दारानं आलं. ही सदाफुली. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर डायबेटिससाठी तिची पानं तपासत होते, साखरेचं काही झालं नाही पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या, आणि त्यातून विनब्लास्टिन निघालं, केमोचं औषध. पुढं 2000 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी त्याच विनब्लास्टिनचा डोस खूप कमी केला, पण मधे सुट्टी न देता चालू ठेवला, सोबत व्हीईजीएफचा निरोप अडवणारी अँटिबॉडी दिली, आणि उंदरांतल्या गाठी मागं हटल्या. त्या बारीक डोसचं मुख्य लक्ष्य गाठीच्या पेशी नव्हत्याच, तिच्याकडं निघालेल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी होत्या. तेच यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या केमोच्या औषधाचं, अगदी कमी प्रमाणातही ते रक्तवाहिन्यांच्या पेशींना हलू देत नाही. मोनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली तेही 1971 मध्ये, फोकमनच्याच वर्षी. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही नसणार.

(दृश्य: गाठीचा छेद, मध्यभाग काळपट, कडेला गुलाबी पट्टा)

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका विलोसारख्या झाडाच्या सालीत सापडलं काँब्रेटास्टॅटिन, अमेरिकेत ॲरिझोनामध्ये जॉर्ज पेटिट यांच्या लॅबनं 1980 च्या दशकात वेगळं केलेलं. हे नवीन वाहिन्या रोखत बसत नाही, गाठीत आधीच झालेल्या वाहिन्याच मोडतं, त्यांच्या आतल्या पेशी आकार सोडून गोल होतात आणि काही तासांत रक्त थांबतं. दुसऱ्या दिवशी गाठ कापून बघितली तर अशी दिसते, मधलं सगळं मेलेलं आणि कडेला जिवंत पेशींचा पातळ पट्टा. तो पट्टा जगतो शेजारच्या निरोगी भागातल्या रक्तवाहिन्यांवर, ज्यांना हे औषध हात लावत नाही, आणि गाठ परत वाढते ती तिथूनच. म्हणून मग काँब्रेटास्टॅटिन आणि नवीन वाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब जोडीनं देऊन बघितलं. 2016 मध्ये अंडाशयाच्या उलटलेल्या कॅन्सरच्या 107 रुग्णांमध्ये आजार पुढं सरकेपर्यंतचा काळ बेव्हासिझुमॅब एकट्यानं 4.8 महिने आला आणि जोडीनं 7.3 महिने. मोठी चाचणी सुरू झाली, त्यात केमोही होती, आणि 2017 मध्ये ती मधेच थांबवली, फायदा दिसत नव्हता.