उशी काढा, टॉवेल घ्या

नमस्कार मंडळी. आज गुडघ्याबद्दल बोलूया, आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर वगैरे नाहीये, गुडघा मोडून घेतलेला माणूस आहे. बॅडमिंटन खेळताना उडी मारली, खाली आलो, पाऊल जागेवरच राहिलं आणि अंग फिरलं, आतून टक्कन आवाज आला, आणि दोन तासांत गुडघा टम्म.

ही सूज कधी आली ते नीट लक्षात ठेवा बरं का, डॉक्टर विचारतातच. काही तासांतच फुगला तर आत रक्त साठलेलं असू शकतं आणि मग बऱ्याचदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरकं गेलेलं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटलेलं निघतं. माझंही तेच होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू सुजला आणि मध्येच अडकायला लागला, सरळच होईना, तर संशय मेनिस्कसवर, ती आतली कुर्चेची गादी. आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, त्यातल्या त्यात गुणी, बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय जुळून येतं. पण पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील तर घरी शेकत बसू नका, आधी एक्सरे काढा. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणी मालिश करायला आलं तर दारातूनच परत पाठवा, बर्फ लावा, तोही फडक्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं.

आता माझी घोडचूक सांगतो. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचो. बरं वाटायचं हो! सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायलाच आवडतं, पण दोन आठवडे तसाच ठेवला आणि मग तो पूर्ण सरळच होईना. फिजिओ मॅडमनी उशी उचलून बाजूला टाकली, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली आणि म्हणाल्या, मांडी आवळा. मी आवळली. म्हणजे मला वाटलं आवळली, बघतो तर मांडी ढिम्म! डाव्या पायाची वाटी टुणकन वर सरकते आणि उजवीकडे सगळं शांत. त्यांनी सांगितलं की सांध्यात पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे हुकूमच दाबले जातात, तो आळशी नाहीये, त्याला निरोपच धड पोचत नाहीये. मग वाटीच्या वर दोन बोटं ठेवून, ५ सेकंद आवळायचं, सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. सहाव्या दिवशी बोटांखाली काहीतरी हललं, आणि मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. मी कितीतरी दिवस त्याच बाजूला धरत होतो, सिनेमात तशीच धरतात ना.

तुटलेल्या एसीएलचं ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही, ज्यांना पुन्हा वळणं, उड्या, खेळ हवाय त्यांना जास्त करून लागतं. माझं झालं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून आत बसवली. पण गंमत अशी की ही नवी दोरी पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होते आणि मग मुरते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. मला तिसऱ्या महिन्यात वाटलं, झालो बरा, काढा रॅकेट. मॅडमनी डोळे वटारले, नऊ महिन्यांच्या आत कोर्टचं नाव नाही म्हणाल्या.

नऊ महिने भरले तेव्हा एका पायावर लांब उडी मारायला लावली. दुखरा पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के तरी जायला हवा असतो. माझा ७८ टक्क्यांवर अडकला. वेदना शून्य, सूज शून्य, मांडी मात्र अजून दीड सेंटीमीटर बारीक. मग पुन्हा स्क्वॉट, पुन्हा पायऱ्या, अजून दोन महिने.

परवा खेळलो. डबल्स, तेही मागच्या बाजूला उभा राहून. नमस्कार.