टीन का वाजतं?

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. मे महिन्यातली दुपार. टिनाचं छप्पर.)

ऐका. टण्... टण्...

वर कोणी चढलेलं नाही. उन्हानं टीन तापतं, पसरतं आणि वाजतं. विदर्भात हा आवाज ऐकला नाही असं घर सापडायचं नाही. शरीराच्या आत पाहण्याची एक नवी रीत याच साध्या गोष्टीवर उभी आहे.

1880 साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल, म्हणजे टेलिफोनवाले बेल, यांनी उन्हाच्या झोतासमोर भोकं पाडलेली तबकडी फिरवली. तुटक-तुटक उजेड पडताच समोरचा पदार्थ चक्क आवाज करू लागला.

(दृश्य : अंधारात पेटलेल्या टॉर्चवर धरलेला तळहात.)

टॉर्चवर हात धरला की अख्खा तळहात लाल दिसतो, पण आतली नस काही दिसत नाही. मांसात उजेड विखुरतो. आवाज त्या मानानं फार कमी विखुरतो. म्हणून फोटोअकूस्टिक तंत्रात उजेड आत पाठवतात आणि परत येणारा आवाज ऐकतात. लेझरचा झोत काही नॅनोसेकंदांचाच असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, अंशाच्या काही हजारांश भागाइतकंच तापतं, आणि तेवढ्यानंही अल्ट्रासाउंडची लाट उठते. सोनोग्राफीसारखा प्रोब ती टिपतो. 3 सेंटीमीटर खोलीवरून यायला तिला सुमारे 20 मायक्रोसेकंद लागतात. हा वेळ मोजला की नस कुठे आहे ते कळतं.

(दृश्य : उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या बाया, आशाताई.)

स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. "दुखत नाई, मंग कायले जाऊ नागपूरले?" असं म्हणत दिवस जातात. कर्करोगाची गाठ मात्र वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढत असते. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त उजेडाचे वेगवेगळे रंग शोषतं, त्यामुळे हे यंत्र दोन्हींतला फरक ओळखतं. सुई नाही, एक्स-रे नाही. सोनोग्राफीच्या जोडीनं असं काम करणाऱ्या स्तनतपासणीच्या एका यंत्राला अमेरिकेत 2021 साली मंजुरी मिळाली.

उजेड काही सेंटीमीटरच्या पुढे पोचत नाही आणि लेझर महाग आहे. त्याच्या जागी स्वस्त एलईडी वापरून पाहण्याचं काम सुरू आहे. आम्हाला खरी काळजी वेगळीच आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही उजेड शोषतं. त्वचा जितकी सावळी, तितका उजेड वरच अडतो आणि वरचाच आवाज मोठा होतो. कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवा. तोही उजेडावरच चालतो. काळ्या त्वचेच्या रुग्णांचा ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवण्याची चूक तो गोऱ्या रुग्णांपेक्षा अधिक वेळा करतो, असं 2020 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. ऑक्सिमीटर तोवर कित्येक वर्षं वापरात होता.

(दृश्य : वावर. पऱ्हाटीत कापूस वेचणारे, उन्हानं रापलेले हात.)

या यंत्राची परीक्षा या हातांवर व्हायला हवी. ते विकायला येईल तेव्हा नाही, ते घडतं आहे तेव्हाच.