ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स कार : यंत्र जुनं, डोकं नवं
(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

"ऑटोमॅटिक असेल तर ती स्पोर्ट्‌स कारच नव्हे." गाड्यांचं वेड असलेली चार माणसं मुंबईत कुठेही जमली, की हे वाक्य ऐकू येतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते बरंचसं खरं होतं. आज ते खरं राहिलेलं नाही, तरीही लोक त्याच विश्वासाने ते बोलतात. माझं काम ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याचं. जुन्या पिढीचे आणि नव्या पिढीचे गिअरबॉक्स एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळतात, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ज्या गिअरबॉक्सला स्पोर्ट्‌स कारवाल्यांनी हिणवलं, त्याची मूळ रचना कधीच वाईट नव्हती. त्याच्याकडे गिअर कमी होते, त्यात घसरण होती, म्हणजे इंजिन जेवढं फिरे तेवढं पुढे पोचत नसे, आणि गिअर कधी बदलायचा हे ठरवायला त्याच्याजवळ तेलाच्या दाबाशिवाय काही नव्हतं. एवढ्या तीन गोष्टी सुधारल्या, आणि तोच गिअरबॉक्स जगातल्या भल्याभल्या वेगवान गाड्यांमध्ये परत आला.

आधी यंत्र समजून घेऊ. हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 साली जहाजांसाठी एक पेटंट घेतलं. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनची ताकद संथ फिरणाऱ्या पंख्याकडे कशी पोचवायची, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे तेल. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. हवेच्या जागी तेल भरा, दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला. आता मधे एक तिसरं चाक बसवा, ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. या तिसऱ्या चाकाला स्टेटर म्हणतात आणि सगळी करामत त्याची आहे. गाडी जागेवरून निघताना इंजिनची ओढ त्याच्यामुळे साधारण दुप्पट होऊन पुढे जाते. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि चाकांमध्ये घट्ट जोड नाही, म्हणून सिग्नलला गाडी बंद पडत नाही आणि निघताना हिसका बसत नाही.

त्याच्या मागे असतात ग्रहमालेसारखे रचलेले गिअर. मधे सूर्य गिअर, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह गिअर, बाहेरून दाते आतल्या बाजूला असलेली रिंग. हे सगळे कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. यातला कुठला भाग धरून ठेवायचा आणि कुठला मोकळा सोडायचा, यावर कुठला गिअर लागणार ते ठरतं. धरण्याचं काम या प्लेट करतात.

मी दोन प्लेट आणल्यात, हातोहात पुढे द्या. पहिली चांगली आहे. तिच्यावरचा तपकिरी थर कागदाच्या जातीचा आहे, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी अशा तेलात भिजलेल्या, कागदी थराच्या आठ-दहा चकत्यांवर पळते. दुसरी प्लेट जळलेली आहे. नाकाजवळ न्या. हा करपट वास एकदा ओळखीचा झाला, की गिअरबॉक्स न उघडता नुसत्या तेलावरून आतलं दुखणं कळतं. नवं तेल बहुतेक वेळा लालसर, पारदर्शक असतं. जळलं की काळपट होतं आणि बोटावर चोळलं तर बारीक कण लागतात.

पहिल्या कॉर्व्हेटची गोष्ट इथे सांगायला हवी. 1953 साली अमेरिकेत ही स्पोर्ट्‌स कार आली. त्या वर्षी 300 गाड्या बनल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पॉवरग्लाइड नावाच्या ऑटोमॅटिकच्या होत्या. गिअर किती? दोन. एक निघायला, दुसरा पळायला. मॅन्युअलची सोयच नव्हती. स्पोर्ट्‌स कारच्या शौकिनांचा ऑटोमॅटिकवरचा राग अशा गाड्यांपासून सुरू होतो, आणि तो रास्त होता. पण हाच दोन गिअरचा पॉवरग्लाइड अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये आजही वापरला जातो, कारण तो साधा आहे आणि अफाट ताकद पचवतो. म्हणजे दोष यंत्राच्या मजबुतीत नव्हता.

दोष डोक्यात होता. जुन्या ऑटोमॅटिकचं डोकं म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी : ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात चक्रव्यूहासारख्या कोरलेल्या वाटा, आणि त्या वाटांमध्ये स्प्रिंगा, बारीक गोळ्या आणि सरकणारे व्हॉल्व्ह. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नर नावाचा भाग तेलाचा दाब वाढवतो आणि व्हॉल्व्हला एका बाजूने ढकलतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूने दाब येतो. दोन दाबांच्या या झटापटीत वेगाची बाजू जिंकली की गिअर वर जातो. कसलाही कॉम्प्युटर नसताना हे चालत होतं, आणि मला त्या काळच्या इंजिनिअरांबद्दल अतोनात आदर आहे. आजही जुनी व्हॉल्व्ह बॉडी उघडली की मी दोन मिनिटं नुसता बघत राहतो.

पण या डोक्याला फक्त दोनच गोष्टी कळत : गाडीचा वेग आणि तुमचा पाय. रस्ता चढाचा आहे, पुढे वळण आहे, ड्रायव्हरने आत्ताच करकचून ब्रेक मारलाय, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. अशी गाडी घेऊन बोरघाट चढा. वळणाआधी तुम्ही पाय काढता, गिअरबॉक्स समजतो की आता आरामात जायचंय, आणि वरचा गिअर टाकतो. वळणातून बाहेर पडताना तुम्हाला ओढ हवी असते, तेव्हा तो विचारात पडतो, मग एकदम खालचा गिअर टाकतो, आणि गाडीचा तोल नको त्या क्षणी हलतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये हे चालण्यासारखं नव्हतं.

पोर्शेने या प्रश्नावर चिकाटीने काम केलं. 1967 मध्ये आपल्या 911 या स्पोर्ट्‌स कारला स्पोर्टोमॅटिक दिला : क्लच पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचा. 1990 च्या सुमारास टिपट्रॉनिक आला. तो खरा ऑटोमॅटिक होता, चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा, आणि दांडा पुढेमागे ढकलून स्वतः गिअर बदलण्याची मुभा देणारा. तरी त्या 911 मध्ये टिपट्रॉनिक घेतला तर 0 ते 100 ला, म्हणजे थांबलेल्या गाडीने ताशी 100 किलोमीटर वेग गाठायला, मॅन्युअलपेक्षा जवळपास एक सेकंद जास्त लागे. स्पोर्ट्‌स कारच्या हिशेबात एक सेकंद फार मोठा.

मग दुसरी वाट निघाली. तेल आणि ग्रहमाला सोडून द्या, मॅन्युअलचाच गिअरबॉक्स ठेवा, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक्सला द्या. 1989 मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीने स्टिअरिंगमागच्या पॅडलवर हे केलं आणि नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, ती जिंकून दाखवली. 1997 मध्ये हे तंत्र एफ 355 मधून रस्त्यावर आलं. याच जातीचे बीएमडब्ल्यूचा एसएमजी, लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच आणि गिअर यंत्राने चालणारी गाडी, कितीजणांकडे आहे? बरेच हात वर आले. तुमच्या गाडीत गिअर बदलताना क्षणभर ओढ जाते, मान पुढे झुकते, मग गाडी परत धरते. बरोबर? फेरारीच्या त्या गिअरबॉक्सची यंत्रणा मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीबरोबर उभी राहिली, आणि 2014 मध्ये आपल्याकडे मारुतीची सेलेरिओ एएमटी आली, तिचं किटही याच मॅग्नेटी मारेल्लीचं. दोन गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण तत्त्व एकच : क्लच एक, त्यामुळे गिअर बदलताना ताकद तोडावीच लागणार. फेरारीने 430 स्कुदेरियामध्ये हा वेळ 60 मिलिसेकंदांपर्यंत खाली आणला. रेसट्रॅकवर तो अप्रतिम वाटतो. त्याच गाडीत पेडर रोडच्या चढावर एका मागून एक सिग्नल घ्या, मान झुकायची थांबत नाही. म्हणून मी म्हणतो, नुसते मिलिसेकंद मोजून गिअरबॉक्स कळत नाही. त्या वेळात चाकांना ताकद मिळत होती की नव्हती, हे बघावं लागतं.

ताकद न तोडण्याचा उपाय म्हणजे दोन क्लच. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच गुंतवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो तसा दुसरा धरतो. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, आदोल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरची. पोर्शेने 1980 च्या दशकात ती 956 आणि 962 या रेसिंग गाड्यांवर घासूनपुसून बघितली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली गाडी 2003 ची फोक्सवॅगन गोल्फ आर 32. आणि 2008 मध्ये 911 ला पीडीके, म्हणजे पोर्शेचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, मिळाला.

हा आकडा लक्षात ठेवा. पीडीकेच्या आधीच्या 911 कॅरेरात मॅन्युअलला 0 ते 100 साठी 5.0 सेकंद लागत, टिपट्रॉनिकला 5.5. पीडीके आल्यावर मॅन्युअलला 4.9 आणि पीडीकेला 4.7. म्हणजे तोच मॉडेल, एकाच बदलात, ऑटोमॅटिक मागे होती ती पुढे गेली. त्या दिवसापासून "ऑटोमॅटिक मंद असते" हे म्हणणं संपायला हवं होतं.

ड्युअल क्लचचा त्रास मात्र आपल्या शहरात दिसतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण तेलात होते, त्यात झिजायला काही नसतं. ड्युअल क्लचमध्ये गाडी रांगत असेल तर क्लच प्रत्यक्ष घासतो. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो, तेच कॉम्प्युटर सतत करत राहतो. अंधेरीच्या फ्लायओव्हरखाली, मे महिन्यात, एसी चालू, गाडी फूट-फूट सरकतेय : क्लच तापणारच. ताकदवान गाड्यांमध्ये क्लच तेलात बुडालेले असतात म्हणून निभावतं. कोरड्या क्लचला उष्णता हवेतच सोडावी लागते. आणि ड्युअल क्लचला पुढचा गिअर आधी ओळखावा लागतो. त्याने वरचा गुंतवून ठेवला आणि तुम्ही अचानक खालचा मागितला, तर तो क्षणभर अडखळतो.

दरम्यान जुना गिअरबॉक्स गप्प बसला नव्हता. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा 8एचपी 2009 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 760 एलआयमध्ये आला. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा आतला नेमकेपणा बघून थक्क झालो. चार ग्रहमाला, आणि धरायला-सोडायला फक्त पाच जागा : तीन क्लच, दोन ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये पाचातले दोनच मोकळे असतात, त्यामुळे फुकटचं घर्षण कमी. बहुतेक गिअर बदलताना एक सोडायचा आणि एक धरायचा, बस्स. आठव्यातून थेट दुसऱ्यातही तो येऊ शकतो. गाडी हलली की टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच लवकरच बंद होतो, आणि मग इंजिन ते चाक सरळ जोड. घसरण हा जुना आरोप तिथेच संपतो. लॉक-अप ही कल्पना नवी नाही, पॅकार्डने 1949 मध्ये वापरली होती. पण ती पहिल्या गिअरपासून, इतक्या नाजूकपणे वापरायला इलेक्ट्रॉनिक्स लागलं. तेलाच्या वाटा अजून आहेत, पण झटापट करणाऱ्या दोन दाबांच्या जागी सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि कॉम्प्युटर आहेत, आणि त्याला ब्रेक, चढ, वळण, सगळं कळतं.

2017 मध्ये बीएमडब्ल्यूने नव्या एम 5 मधून ड्युअल क्लच काढला आणि टॉर्क कन्व्हर्टर बसवला. शौकिनांनी आरडाओरडा केला. ती गाडी 100 ला 3.4 सेकंदांत पोचली. त्यातलं मोठं श्रेय चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीचं आहे, हे मी मान्य करतो. पण गिअरबॉक्सने तिला मागे ओढलं नाही, हेही तितकंच खरं. ॲस्टन मार्टिन व्हँटेज, जॅग्वार एफ-टाइप, नवी टोयोटा सुप्रा, सगळ्यांत हाच 8एचपी.

याचा अर्थ ड्युअल क्लच हरला, असा नाही. 2020 च्या कॉर्व्हेटने इंजिन मागे नेलं आणि आठ गिअरचा ड्युअल क्लच घेतला. दोन गिअरच्या पॉवरग्लाइडने सुरू झालेली गाडी इथवर आली. 911 आजही आठ गिअरच्या पीडीकेवर आहे, आणि ट्रॅकवर त्याच्याइतका चपखल गिअरबॉक्स मी अनुभवलेला नाही. पण सोमवार ते शनिवार वरळी ते बीकेसी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी लोणावळा, असा ज्यांचा वापर आहे, त्यांना मी नवा टॉर्क कन्व्हर्टरच सुचवीन.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी थोडं कामाचं. सीलबंद, आयुष्यभराचं तेल असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलायला सांगते. आणि मुंबईत किलोमीटरवर जाऊ नका. इथे 30,000 किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन किती तास चाललंय, तो हिशेब वेगळाच निघतो. टेस्ट ड्राइव्ह कोस्टल रोडवर घेऊ नका. तिथे सगळे गिअरबॉक्स चांगले वाटतात. अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये फिरवून गाडी पूर्ण गरम होऊ द्या. मग एखाद्या चढावर थांबा, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला अगदी हलका पाय लावा. क्लच थरथरला, किंवा डी मधून आर मध्ये टाकताना दोन सेकंद काहीच न होता मग धाडकन आवाज आला, तर सौदा तिथेच थांबवा आणि आधी तेल काढून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. तोवर ती जळकी प्लेट मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.