जुना पार्ट टाकून देऊ नका

(साताऱ्यातल्या एका गॅरेजमालकाने गाडीमालकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, या टेबलावर दोन ऑइल फिल्टर ठेवलेत. दोन्ही एकाच मॉडेलचे. खोक्यावर कंपनीचं नाव एकच, पार्ट नंबरही तोच. एक मी डीलरच्या काउंटरवरून आणला. दुसरा एका गिऱ्हाइकानं ऑनलाइन मागवला होता, जवळपास निम्म्या किमतीत. सत्तावीस वर्षं मी हे काम करतोय, पण वरवर पाहून मलाही फरक सांगता आला नाही. म्हणून काल रात्री दोन्ही कापले.

डीलरकडच्या फिल्टरमधला कागद बघा. घड्या दाट आणि एकसारख्या आहेत. दुसऱ्यात घड्या विरळ, आणि या बाजूला तर त्या एकमेकींना चिकटून बसल्यात. आता या दुसऱ्यातली ही रबराची चकती. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून ती असते. ही इतकी कडक आहे की बोटानं दाबली तरी वाकत नाही. आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल, तर रात्रभरात तो रिकामा होणार. सकाळी स्टार्टर मारला की पहिले काही क्षण इंजिन ऑइलच्या दाबाशिवाय फिरणार. रोज. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे कधीतरी इंजिन आवाज करायला लागतं, तेव्हा फिल्टरचा संशय कुणालाही येत नाही.

नकली पार्टचं हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. तो नीट बसतो. बसलाच नसता तर माणसानं परत तरी केला असता.

आता जे सांगतो ते सांगताना आजही जड जातं. एक गिऱ्हाईक ऑनलाइन घेतलेले पुढचे ब्रेक पॅड घेऊन आले. मी खोकं पाहिलं, होलोग्राम पाहिला आणि बसवून दिले. काही आठवड्यांनी ते घरच्यांना घेऊन आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरत होते. मधेच करकर आवाज आला, पेडल खोल गेलं. त्यांनी गिअर खाली आणले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन थांबवली. गाडी टो करून माझ्याकडे आली. चाक उघडलं तर एका पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, मागच्या पत्र्यापासून सुटून पडलेलं. पत्र्यावर चिकटवणीचे नुसते ठिपके होते. सबंध पत्र्यावर थर असायला हवा होता. मागच्या सीटवर त्यांची दोन मुलं होती.

ते पॅड मी माझ्या हातानं बसवले होते. जुने पॅड शेजारी ठेवून पाहिले असते तर पत्र्याची जाडी कमी आहे, मागचा नंबर ठशाचा नाही, नुसता शाईचा आहे, हे तिथंच दिसलं असतं. पण जुने मी आधीच भंगारात टाकले होते.

ऑनलाइन घेऊ नका असं मी म्हणत नाही. आडगावच्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. फक्त सुरुवात उलट्या बाजूनं करा. आरसीवर सतरा अक्षरा-आकड्यांचा चॅसिस नंबर असतो. तो डीलरच्या पार्ट काउंटरला सांगितला की तुमच्याच गाडीचा नेमका पार्ट नंबर आणि एमआरपी कळते. मग मोबाइल उघडा. थोडी सूट मिळणं समजू शकतं, पण ब्रेकचा पार्ट निम्म्या किमतीत कुणी का विकेल? पानावर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण विक्रेता खाली बारीक अक्षरात असतो. तो वाचा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशात बनला हे दाखवावंच लागतं. पत्ता नसेल तर पुढे जाऊ नका.

आणि एक गैरसमज काढून टाका. गाडीच्या कंपनीचं खोकं नाही म्हणजे माल डुप्लिकेट, असं नसतं. बॉश, राणे यांच्यासारखे कारखाने गाडी कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावानंही विकतात. तो माल चांगला असतो आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून लावलेला माल.

ब्रेक ऑइलही असंच. चांगलं, कोरडं डॉट 4 दर्जाचं ऑइल 230 अंश सेल्सिअसच्या आधी उकळत नाही. भेसळीचं किंवा ओलावा धरलेलं ऑइल घाट उतरताना उकळतं, वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. सील फुटलेला डबा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. एअरबॅगचे पार्ट तर कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कुठूनच घेऊ नका.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सील आणि लेबल दिसेल असा. नकली निघाला तर विक्रेत्याला माल परत घेणं नाकारता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, असं नियम सांगतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावा.

माझ्या गॅरेजात आता गिऱ्हाइकानं पार्ट आणला तर जुना काढून नव्याशेजारी ठेवतो आणि गिऱ्हाइकालाच दाखवतो. पटलं तरच बसवतो. ‘पार्ट माझा, तुम्ही फक्त बसवा’ म्हणत दोघं-तिघं उठून दुसरीकडे गेले. त्यांना मी अडवलं नाही, पण पॅडचा तो सुटलेला पत्रा काढून दाखवला. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे, आजही सोबत आणलाय. इथून पुढे फिरवतो, हातात घेऊन पाहा.