क्रियापद येईपर्यंत थांबा

(तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात, वाचन प्रेरणा दिनाच्या संध्याकाळी दहावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर एका निवृत्त मराठी शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्ष महोदय, ग्रंथपाल ताई, पालक मंडळी, आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता थेट इथे आलेल्या मुलामुलींनो. दप्तरं खाली ठेवा आधी. तासभर बसायचंय.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'दहावी मराठी : अपठित उताऱ्याची तयारी'. अपठित म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचा, आधी न वाचलेला. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी मला एक वाक्य वाचून दाखवायचंय. एकदाच वाचतो, ऐका.

'यंदा पाऊस कमी झाला म्हणून गावची विहीर आटली असे सगळे म्हणत असले, तरी तेवढ्यानेच ती आटली असे म्हणता येणार नाही.'

विहीर कशाने आटली? पुढच्या रांगेतून उत्तर आलं, 'पाऊस कमी झाला.' दोघातिघांनी एकदमच दिलं. आणि त्यांच्या मागे बसलेल्या आजी मान हलवताहेत. आजी, तुम्ही सांगू नका अजून, तुम्हाला कळलंय हे माझ्या लक्षात आलंय.

हे वाक्य मी आमच्या शाळेतल्या एका सराव परीक्षेत घातलं होतं. उतारा मीच लिहिलेला. पुढचं वाक्य असं होतं : 'ओढ्यातली वाळू उपसायला सुरुवात झाल्यापासून झऱ्यांचे पाणी दर वर्षी खाली जात होते.' प्रश्न सरळ : विहीर आटण्याचे लेखकाने सांगितलेले कारण लिहा. वर्गात ५२ मुलं. त्यातल्या ४१ जणांनी लिहिलं, 'पाऊस कमी झाला.' लेखकानं जे नाकारलं, नेमकं तेच लेखकाच्या तोंडी घातलं. रात्री पेपर तपासताना आधी मुलांचा राग आला. मग लक्षात आलं की ४१ मुलं एकाच वेळी, एकाच जागी चुकतात तेव्हा त्यांना तिथपर्यंत कुणीतरी हात धरून नेलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलाला विचारलं, 'तू हे उत्तर कसं शोधलंस?' त्यानं अगदी मनापासून सांगितलं, 'सर, प्रश्नात विहीर आणि आटणे हे शब्द होते. उतारा पूर्ण नाही वाचला, ते शब्द शोधले. त्यांच्या मागे "म्हणून" होतं. "म्हणून"च्या मागे कारण असतं.' बघा, किती व्यवस्थित विचार केलाय पोरानं. आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला शब्द अधोरेखित करा, तो उताऱ्यात गाठा, आजूबाजूचं उचला. शिकवणीत हेच सांगतात, आणि आम्ही शाळेतले शिक्षकही हेच सांगत होतो. वेळ वाचतो म्हणून. मुलगा आम्ही सांगितलं तसंच वागला होता.

आता बरोबर लिहिणाऱ्या अकरा जणांत एक मुलगी होती, तिच्याबद्दल सांगतो. वर्गात ती मधल्या बाकावरची. अक्षर बरं नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं कायमची. तिनं लिहिलं होतं, 'वाळू काढल्यामुळे.' दोनच शब्द. तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, 'सर, शेवटी नाही आहे ना.' एवढं सोपं! पण ते इतरांना का दिसलं नाही? खोदून खोदून विचारल्यावर उलगडा झाला. तिच्या आजोबांना मोतीबिंदू. घरी पेपर येतो, तो रोज संध्याकाळी हीच त्यांना वाचून दाखवते. आजोबा शेतकरी, कालव्याच्या पाण्यावर ऊस. त्यांना एकच बातमी हवी असते : आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार. आणि ही वाचायची, 'कालव्याचे दुसरे आवर्तन येत्या सोमवारी सोडण्याचा निर्णय...' आणि श्वास घ्यायला थांबायची. आजोबा कासावीस. 'अगं पुढं वाच की! घेतला का नाही घेतला?' पुढे असायचं, '...अद्याप घेण्यात आलेला नाही.'

त्या म्हाताऱ्या माणसाला त्या क्रियापदाशी कर्तव्य होतं. उसाला पाणी मिळणार की नाही ते त्या शेवटच्या शब्दावर ठरत होतं. रोज अर्धा तास, जवळपास दोन वर्षं, त्यांनी नातीला क्रियापदापर्यंत थांबायला शिकवलं. परीक्षेत उताऱ्यावर विचारतात ती आकलन कृती म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत वाचनाचा इतका चांगला शिक्षक मी पाहिला नाही.

आज १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्याकडे तो वाचन प्रेरणा दिन म्हणून होतो. कलाम लहानपणी रामेश्वरमला पेपर वाटायचे, ही गोष्ट शाळाशाळांत आज सांगितली गेली असेल. पेपर वाटणाऱ्या मुलाइतकीच पेपर वाचून दाखवणारी मुलगीही मला आजच्या दिवशी आठवते.

मुद्दा असा आहे की आपल्या भाषेत वाक्याची सगळी सूत्रं शेवटाला असतात. इंग्रजीत 'नॉट' लवकर येतो, नकार आहे हे वाक्याच्या तोंडालाच कळतं. मराठीत 'मी उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याबरोबर पुण्याला...' इथपर्यंत आलात तरी माणूस येणार, नाही येणार, आला असता की यायला हवं होतं, काही कळत नाही. 'असे नाही', 'म्हणता येणार नाही', 'मानण्याचे कारण नाही', 'असा समज आहे' ही सगळी मंडळी शेपटाला बसलेली. जो मधूनच शब्द उचलून पळतो, त्याच्या हाती वाक्याचं धड येतं, जीव मागे राहतो. आणि हे आमचे बारके 'च' आणि 'ही'! 'तेवढ्याने आटली नाही' आणि 'तेवढ्यानेच आटली नाही'. पहिल्यात पावसाचा दोष अजिबात नाही, दुसऱ्यात थोडा आहे, पण दुसरं कुणीतरी अपराधी आहे. एका अक्षरात केवढा न्यायनिवाडा! व्याकरणाच्या तासाला आपण 'च'ला शब्दयोगी अव्यय म्हणून पुढे जातो. त्याचा आवाज वर्गात कुणी ऐकवत नाही. 'च' ऐकू यायला त्याच्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर द्यायला तोंड उघडावं लागतं.

माझं सांगणं एवढंच आहे : परीक्षा मुकाट्यानं वाचायची असते, तिची तयारी मात्र मोठ्यानं वाचून होते. डोळा उड्या मारतो. दोन ओळी गाळून तिसरीवर जातो आणि त्याला पत्ताही नसतो. जिभेला उडी मारता येत नाही. तिला प्रत्येक शब्दावरून चालतच जावं लागतं, आणि चुकीच्या जागी थांबली तर समोरचा लगेच म्हणतो, 'काय?'

मोडी लिपी पाहिलीय कुणी? इथल्या कपाटात जुने कागद असतील. आधी ओळ आखायची आणि तिला लटकवत अक्षरं लिहीत जायचं. शब्द तोडलेले नाहीत, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. छापील मराठीत विरामचिन्हं आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा. त्याआधीचा वाचणारा काय करत असेल? शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं हे स्वतःच्या आवाजानं चाचपत जायचा. चातुर्मासात आपल्या घरी पोथी वाचतात तेव्हा ओवी पुरी झाल्याशिवाय ऐकणारे 'हं' म्हणत नाहीत. आजी मघाशी मान हलवत होत्या, ते कान पोथीवर तयार झालेले आहेत. आजी, बरोबर ना? बघा, हो म्हणाल्या.

पालकांना एक विचारतो. गेल्या आठवड्यात तुमच्या मुलानं तुम्हाला काही वाचून दाखवलं? हात वर करा. क्रिकेटचा स्कोअर नाही चालणार. तीन. सभागृहात शंभरेक माणसं आहेत आणि तीन हात. मी कुणाला दोष देत नाही. तिसरी-चौथीनंतर आपण मुलांना मोठ्यानं वाचायला लावणं बंद करतो, जणू ते लहान मुलांचं काम आहे. 'असर' म्हणजे मुलांना लिहिता-वाचता किती येतं ते तपासणारं सर्वेक्षण. त्याचा २०२३ चा अहवाल २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत फिरून केलेला आहे, खास १४ ते १८ वयाच्या मुलांचा. त्यातली साधारण चौथा हिस्सा मुलं आपापल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरसुद्धा सफाईनं वाचू शकली नाहीत. हे कळलं कसं? मुलासमोर कागद धरला आणि म्हटलं, वाच. मोठ्यानं वाचायला लावलं म्हणूनच कळलं. एरवी ही मुलं वर्गात पुस्तक उघडून बसतात आणि वाचल्यासारखी दिसतात.

दुसरी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागलेली आहे. पूर्वी बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. लिहायचं नाही, नुसतं वाचायचं. पुढे प्रश्नपत्रिका मोबाइलवर फिरल्याच्या अफवा उठायला लागल्या, आणि २०२३ च्या परीक्षेपासून ती दहा मिनिटं सुरुवातीची काढून शेवटी जोडली. पेपर फुटू नये ही काळजी रास्त आहे, मला ती पटते. एकूण मिनिटंही तेवढीच आहेत. पण शेवटची दहा मिनिटं लिहिण्यात जातात. सुरुवातीची दहा वाचनाची होती, आणि सक्तीची होती. अख्ख्या दहा वर्षांच्या शिक्षणात राज्यातली लाखो मुलं एकाच वेळी पेन खाली ठेवून नुसती वाचताहेत, अशी ती एकच वेळ होती. मी पर्यवेक्षक म्हणून उभा राहायचो. ती शांतता अजून आठवते. काही मुलांचे ओठ हलत असायचे, आणि मी मनात म्हणायचो, हा वाचतोय, हा पास. त्या दहा मिनिटांसाठी दुसरा काही मार्ग काढता आला असता...

चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं उरली आहेत आणि फळ्यावरच्या विषयाला मी हात लावलेला नाही. मुलांनो, वह्या काढा, आता भराभर सांगतो.

मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका, म्हणजे तुमची प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात गद्य विभाग १८ चा : दोन पठित उतारे सात-सात, अपठित ४. चारच गुण, म्हणून सगळे सोडून देतात. पण उपयोजित लेखनात पत्रलेखनाला पर्याय असतो तो सारांशलेखनाचा, ६ गुणांचा, आणि सारांश करायचा असतो याच अपठित उताऱ्याचा, एक तृतीयांश. म्हणजे एक उतारा नीट वाचला तर दहा गुणांची सोय. मी पाहिलेली बहुतेक मुलं पत्राकडे जातात, कारण पत्राचा साचा पाठ करता येतो. ज्याला वाचता येतं त्यानं सारांशाचा विचार जरूर करावा. सारांश करताना उताऱ्यातली उदाहरणं, आकडे, अलंकार गाळा. शेवटची क्रियापदं गाळू नका.

ती गेलेली दहा मिनिटं स्वतःच स्वतःला द्या. निदान पाच. पेपर हातात आला की पेन बाकावर ठेवा आणि अपठित उतारा पूर्ण वाचा, पहिल्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, प्रश्नांकडे न बघता. मग प्रश्न. मग दुसऱ्यांदा उतारा. दोन वाचनांना मिळून चार-पाच मिनिटं लागतात. शब्द शोधत तिथं पाच वेळा परत जाण्यापेक्षा हे लवकर होतं, घड्याळ लावून पाहा.

उत्तर लिहिण्याआधी ते ज्या वाक्यातून घेतलं त्याचं क्रियापद बघा. 'नाही' आहे का? 'म्हणतात', 'वाटते', 'समजले जाते' आहे का? असेल तर ते मत कुणाचं आहे, लेखकाचं की दुसऱ्याचं? 'पण', 'परंतु', 'मात्र', 'तरी' दिसलं की थांबा, लेखकाचा खरा मुद्दा बहुधा त्याच्या पुढे असतो. 'तो', 'ती', 'त्यामुळे' यांच्याकडे बोट ठेवून विचारा, कोण तो? कशामुळे?

चौकटीत आणि आकृतिबंधात नेमका शब्द लिहा, अख्खं वाक्य कोंबू नका. ओघतक्त्यात, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकटींत, घटना घडल्या तो क्रम हवा. उताऱ्यात त्या मागेपुढे सांगितलेल्या असू शकतात, हे मुद्दाम तपासा. आकृत्या पेनानंच काढा, सूचनेतच तसं असतं, दर वर्षी कुणीतरी पेन्सिलीनं काढतं. आणि अवघड शब्द अडला तर तिथेच बसून राहू नका, पुढची दोन वाक्यं वाचून मागे या.

आता घरी काय करायचं. परीक्षेला चार महिने आहेत. रोज दहा मिनिटं, एक उतारा, कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. अग्रलेखातला परिच्छेद घ्या, शेतीच्या पानावरची बातमी घ्या, विज्ञानाच्या पुस्तकातलं अर्धं पान घ्या. विज्ञान, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळी उताऱ्यांचीच भावंडं आहेत. ऐकणाऱ्यानं वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा, त्या आजोबांचा : 'म्हणजे झालं, की नाही झालं?' आईवडिलांनी फार शिकलेलं असायला हवं असं अजिबात नाही. भाकऱ्या थापता थापता हे करता येतं. घरात आजी-आजोबा असतील तर पहिला मान त्यांचा.

अध्यक्ष महोदय उठले आहेत, म्हणजे मला बसायला हवं. ग्रंथपाल ताईंनी मी दिलेल्या वीस उताऱ्यांच्या झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. फुकट आहेत, प्रत्येकानं एक संच घ्या. उत्तरं त्यात नाहीत, ती या वाचनालयात दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता आपण मिळून काढू. मी येईन. येताना आजीला, आजोबांना बरोबर आणा, खुर्च्या आहेत. आणि मघाशी पुढच्या रांगेतून उत्तर देणारी मुलं जाण्याआधी मला भेटा. ते विहिरीचं वाक्य आपण चौघं मिळून एकदा मोठ्यानं वाचू.